मणका ‘बसवून’ झाला. मग शेक, करंट आणि टेप कशाला?

पाठ धरली म्हणून कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताच्या झटक्याने मणके मोकळे करून देणाऱ्याकडे, जाणारा माणूस एका गोष्टीच्या ओढीने जातो: तो ‘कडाक्’ आवाज. रील बघून बघून तो आवाज आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. पण नागपूरच्या धंतोलीत किंवा रामदासपेठेत, जिथे दर दुसऱ्या पाटीवर डॉक्टरचं नाव असतं, तिथल्या एखाद्या क्लिनिकमध्ये आत गेल्यावर कळतं की कडाक्चं काम दोन मिनिटांचं असतं आणि उरलेला अर्धा-पाऊण तास दुसऱ्याच गोष्टी चालतात. गरम पॅक, करंटची मशीन, जेल लावून गोल फिरवायचं यंत्र, मालिश, रंगीत टेप, कपिंग, सुया, कमरेला वजन, जाताना पट्टा. बिलातही त्यांच्या वेगळ्या ओळी. कशाने बरं वाटलं असं पेशंटला विचारा, तो म्हणतो, “सगळं मिळून.” उत्तर प्रामाणिक आहे. पण पुढच्या वेळी पैसे कशाला द्यायचे आणि कशाला नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून त्या ‘सगळं मिळून’ची जरा फोड करू.

आधी मूळ उपचाराबद्दल थोडं. कायरोप्रॅक्टिकचा जन्म १८९५चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावचा. डी. डी. पामर नावाचा गृहस्थ तिथे चुंबकीय उपचार करायचा. इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्डला ऐकू येत नव्हतं. त्याच्या पाठीतला मणका दाबल्यावर ऐकू यायला लागलं, असा पामरचा दावा. त्यातून त्याने सिद्धांत मांडला की बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात असतं. हा सिद्धांत पुढे तपासणीत टिकला नाही. टिकलं ते हातांचं तंत्र, आणि तेही मान-पाठ-कमरेच्या दुखण्यापुरतं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना यात फारसं नवल वाटलं नसतं म्हणा. उसण भरली की पायाळू माणसाला शोधून पाठीवर हलकी लाथ मारून घ्यायची पद्धत विदर्भातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात होती, आणि लचक भरली की हाडवैद्य होताच.

आवाजाचं म्हणाल तर तो हाडं एकमेकांवर आपटल्याचा नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाच्या सांध्याचं एमआरआय चित्रण करून ही पोकळी तयार होताना दाखवली. म्हणजे आवाज झाला तर मणका ‘जागेवर बसला’ असं नाही, आणि नाही झाला तर उपचार फसला असंही नाही. झटक्यानंतर स्नायूंचा ताठरपणा थोडा उतरतो, मान वळते, वाकता येतं. हा आराम खरा असतो, पण बहुधा थोड्या काळाचा. जुन्या कंबरदुखीसाठी झालेल्या चाचण्यांचा मोठा आढावा २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याचा निष्कर्ष असा की मणक्यांच्या या हाताळणीचा परिणाम इतर मान्य उपचारांच्या जवळपास सारखाच असतो. वाईट नाही, जादूही नाही.

आता “काका, तुमच्या मणक्यात गॅप आलाय” हे वाक्य. नागपुरात कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकलेलं असतं. गॅप, गादी (दोन मणक्यांमधली चकती) सरकली, नस दबली. रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलेलंही असतं. पण ज्यांना अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय तपासले तेव्हा काय दिसलं? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या; ऐंशीत हे प्रमाण ९६ टक्के होतं. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. केस पिकावेत तसे मणकेही पिकतात. तेव्हा फोटो दाखवून, “हे सरळ करायला इतकी सेशन लागतील,” असं कुणी म्हणालं तर फोटोतल्या रेषेपेक्षा आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही याची चर्चा करा. झटक्याने फोटो बदलत नाही. शेकाने आणि करंटनेही नाही.

मग हे जोड-उपचार करतात काय? त्यांच्यातले बरेचसे एकच काम करतात: दुखण्याचा जोर काही वेळ कमी करतात. समजा, नळ तासभरच येतो. त्या तासात हंडे, बादल्या भरून घेतल्या तरच पुढचा दिवस निघतो. शेक-करंटने मिळालेला तासभराचा आराम असाच वापरायचा असतो, म्हणजे त्या वेळात हालचाल करून घ्यायची. तो आराम पलंगावर पडून घालवला तर संध्याकाळी दुखणं परत दारात हजर. कोणता उपचार किती कामाचा, हे याच कसोटीवर बघायचं: तो झाल्यावर मी काय करू शकतो, जे आधी करता येत नव्हतं?

करंटपासून सुरुवात करू, कारण त्याच्यामागचं शास्त्र सगळ्यात रंजक आहे. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की आपण न सांगता ते चोळतो आणि बरं वाटतं. का? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचं उत्तर मांडलं. वेदनेचा निरोप बारीक तंतूंवरून येतो, स्पर्शाचा आणि दाबाचा जाड तंतूंवरून. दोन्ही निरोप मेंदूकडे जाण्याआधी मज्जारज्जूत एका ठिकाणी एकमेकांना गाठतात. तिथे एक फाटक आहे असं त्यांनी कल्पिलं. जाड तंतूंवर वर्दळ वाढली की ते फाटक वेदनेच्या निरोपासाठी थोडं मिटतं. मेंदूही वरून हुकूम पाठवून ते उघडू किंवा मिटू शकतो; म्हणूनच भीती, काळजी आणि अपुरी झोप यांनी तेच दुखणं जास्त दुखतं. सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना आजही वेदनाशास्त्राच्या पायाशी आहे.

टेन्स मशीन हे चोळणंच विजेने करते. त्वचेवर चिकट पट्ट्या लावून सेकंदाला ८० ते १०० सौम्य ठोके दिले की मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि दुखणं मागे पडतं. ठोके मंद, म्हणजे सेकंदाला दोन-चार ठेवले तर शरीरातली स्वतःची वेदनाशामक रसायनं जास्त स्रवतात असं मानलं जातं. क्लिनिकमध्ये जास्त दिसते ती आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल करंटची मशीन. तिच्यात चार पट्ट्या असतात आणि दोन वेगवेगळे करंट आडवे-तिडवे सोडतात, समजा एक सेकंदाला ४००० आवर्तनांचा आणि दुसरा ४१०० चा. इतक्या वेगाच्या करंटला त्वचेचा अडथळा कमी होतो, म्हणून ते टोचत नाहीत. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे फरकाचा, म्हणजे १०० आवर्तनांचा, ठोका तयार होतो. युक्ती सुंदर आहे, यात वाद नाही.

पण युक्ती सुंदर असणं वेगळं आणि पेशंट बरा होणं वेगळं. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात टेन्स आणि आयएफटी देऊ नका असं स्पष्ट लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यातही टेन्सची शिफारस नाही. कारण साधं आहे: पट्ट्या लावून मशीन बंदच ठेवलेल्या लोकांनाही बराच आराम वाटतो, आणि खऱ्या करंटची त्यावरची आघाडी फार लहान निघते. त्यामुळे माझं मत असं: करंटने दहा मिनिटं का होईना दुखणं उतरत असेल आणि त्या वेळात तुम्ही व्यायाम करून घेत असाल तर लावायला हरकत नाही. मात्र फक्त करंट घेऊन घरी येणार असाल, तर गाडीचं पेट्रोल तरी वाचवा. छातीत पेसमेकर असेल तर या मशीनच्या जवळ जायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. गरोदर बाईच्या पोटावर-कमरेवर आणि कॅन्सरची गाठ असलेल्या जागी पट्ट्या लावत नाहीत. मानेच्या पुढच्या बाजूला तर कुणालाच लावत नाहीत.

जेल लावून फिरवायचं यंत्र म्हणजे अल्ट्रासाउंड थेरपी. सोनोग्राफीचीच ही बहीण, पण फोटो काढत नाही. ध्वनिलहरींनी आतल्या पेशींना सूक्ष्म कंप आणि थोडी ऊब देते. वरवरच्या दुखण्यासाठी ३ मेगाहर्ट्झ, खोलच्यासाठी १ मेगाहर्ट्झ, असा सरळ हिशोब. कंबरदुखीत तिचा फायदा चाचण्यांत दिसत नाही. नाइसने नाही म्हटलंय, जागतिक आरोग्य संघटनेनेही नाही म्हटलंय. इतकं एकमत या क्षेत्रात क्वचित बघायला मिळतं. तरी ती गल्लोगल्ली चालते, कारण मशीन आधीच विकत घेतलेली असते.

शेक मात्र वेगळा. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीवर मार्गदर्शन दिलं. त्यात ताज्या दुखण्यासाठी ज्या बिनगोळीच्या उपायांना तुलनेने बरा पुरावा सापडला त्यात साधी वरवरची ऊब आहे. घरची गरम पाण्याची पिशवी हे काम करते. ऊब लागली की रक्तप्रवाह वाढतो, आखडलेला स्नायू सैल होतो, आणि उबेचा स्पर्शही त्याच फाटकावर काम करतो. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. क्लिनिकमधले जड गरम पॅक पाण्याच्या टाकीत ७० अंशांच्या आसपास ठेवलेले असतात, म्हणून त्यांच्याभोवती टॉवेलच्या घड्या लागतात. त्या कमी पडल्या तर चटका बसतो. मधुमेहामुळे पाय किंवा पाठ बधिर झालेल्या माणसाला तो चटका कळतच नाही, फोड आल्यावर कळतो. त्यामुळे शेकाआधी कापसाचा बोळा फिरवून “लागतंय का?” असं विचारणारा थेरपिस्ट दिसला की समजा, जागा बरी आहे. उबेचाच मोठा भाऊ म्हणजे डायथर्मी, जो विद्युतचुंबकीय लहरींनी आतून तापवतो. शरीरात पेसमेकर किंवा धातूची पट्टी, स्क्रू असेल तर तो नकोच.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नागपूरकर शेकाचं नावही ऐकून घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. नवतप्यात घामाघूम माणसाला गरम पिशवी देण्यात अर्थ नसतो. अशा दिवसांत कोमट पाण्याने अंघोळ करून लगेच हलके ताण दिले तरी चालतं. बर्फ लावायचा तर तो ताज्या मुरगळीवर, सुजेवर, कापडात गुंडाळून, थोडा वेळ. जुन्या कंबरदुखीत बर्फाला फारसा आधार नाही. आणि आपल्या भागात बर्फाची एक खास अडचण आहे, तिच्याकडे पुढे येतो.

मालिशेबद्दल लोकांना वाटतं ती ऐष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या यादीत मात्र जुन्या कंबरदुखीसाठी मालिशेला सशर्त होकार आहे, अगदी मणक्यांच्या हाताळणीच्या शेजारी. पुरावा भक्कम नाही, पण तोटाही थोडा. आयुर्वेदातली अभ्यंग-स्वेदनाची जोडी, म्हणजे आधी तेल आणि मग वाफ, याच धाटणीची. कटीबस्तीत उडदाच्या पिठाचं कडं कमरेवर बसवून त्यात कोमट तेल भरून ठेवतात. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयामुळे नागपूरकरांना हे शब्द परके नाहीत. शरीरशास्त्राच्या भाषेत बघितलं तर कटीबस्ती म्हणजे बराच वेळ टिकणारी, एकसारखी ऊब, आणि कुणीतरी आपल्यासाठी अर्धा तास दिलाय ही भावना. या दुसऱ्या गोष्टीला कमी लेखू नका. तेल गादीपर्यंत पोचून गादी भरून काढतं असं कुणी सांगितलं तर मात्र मान डोलवू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोरकस मालिश आणि कपिंग दोन्ही टाळायचं, कारण आत रक्त साकळतं.

सुयांचं प्रकरण अजून गमतीचं. १९३८ मध्ये भारताने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यातले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत असतात. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे नागपुरातही कमी लोकांना ठाऊक असतं. पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. आज महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि राज्याची कौन्सिल आहे, म्हणजे सुया टोचणाऱ्याला “नोंदणी दाखवा” असं म्हणता येतं. ड्राय नीडलिंग हा त्याचा वेगळा प्रकार; त्यात चिनी नकाशा नसतो, स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत सुई घालतात.

सुयांचा उपयोग होतो का? नाइस म्हणते, देऊ नका. अमेरिकी फिजिशियन म्हणतात, चालेल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अटींसह चालेल. तिघांपुढे जवळपास तोच पुरावा होता. फरक तुलनेचा आहे. सुया घेणाऱ्यांची तुलना काहीच जास्तीचं न मिळालेल्यांशी केली तर सुया जिंकतात. पण खोट्या सुयांशी, म्हणजे त्वचेत न शिरणाऱ्या किंवा भलत्याच जागी टोचलेल्या सुयांशी केली, तर फरक जेमतेम उरतो. नाइसने खोट्या सुईला मागे टाकलं का ते विचारलं, बाकीच्यांनी पेशंटला बरं वाटलं का ते विचारलं. तुम्ही कोणता प्रश्न विचारणार हे तुमच्या खिशावर आणि स्वभावावर आहे. सुई मात्र नवी, एकदाच वापरायची आणि तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातली हवी. खांद्याच्या आणि बरगडीच्या भागात खोल टोचली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. त्यामुळे तिथे शिकाऊ हात नको.

बाकीचं भराभर. रंगीत टेप १९७०च्या दशकात जपानच्या केन्झो कासे यांनी आणली. ते स्वतः कायरोप्रॅक्टर. खेळाडूंच्या खांद्यांवर ती छान दिसते, पण कंबरदुखीत तिचा फायदा अगदी किरकोळ. उलट उन्हाळ्यात घामाने खाज सुटते. कपिंग, म्हणजे हिजामासारखे त्वचा ओढून धरणारे पेले, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या पाठीवर गोल डाग दिसल्यापासून जोरात आहेत. ते डाग म्हणजे त्वचेखाली फुटलेल्या केशवाहिन्या. ‘विष बाहेर आलं’ वगैरे काही नाही. लेझरला अमेरिकी मार्गदर्शनात जागा आहे, पण कमकुवत पुराव्यावर. कमरेला वजन लावणं, म्हणजे ट्रॅक्शन, नाइस आणि जागतिक आरोग्य संघटना दोघांनीही नाकारलंय. त्याचंच चकचकीत रूप ‘डिकम्प्रेशन टेबल’ म्हणून महागात विकतात. पट्ट्याचंही तेच. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाला तो तासभर आधार वाटतो हे खरं, पण जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीत पट्ट्याची शिफारस केलेली नाही. दिवसभर बांधून ठेवायची सवय तर नकोच.

आता मान. मानेवरच्या झटक्याबद्दल मी कमरेपेक्षा बराच कडक आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. जोराच्या झटक्यानंतर क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटल्याच्या, तिथे गुठळी होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण फार कमी आहे. धमनी आधीच फाटत असते आणि त्यानेच मान दुखते म्हणून माणूस उपचाराला जातो, असंही काहीवेळा घडतं. पण मानदुखी सहसा जिवावर बेतणारी नसते. तिच्यासाठी हा धोका का पत्करायचा, हा प्रश्न रास्त आहे. हळुवार हाताळणी आणि व्यायाम हा पर्याय उपलब्ध असतो. रीलमधला तो पट्टा, हनुवटीत अडकवून डोकं एकदम ओढायचा, सरळ नको म्हणा. चंपी झाल्यावर मान मोडून देणाऱ्या सलूनवाल्या भाऊलाही हसून नाही म्हणा. झटक्यानंतर अचानक भोवळ, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं किंवा आधी कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली तर “थोडा वेळ पडतो” म्हणू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

बर्फाची जी अडचण मागे ठेवली होती ती सिकलसेलची. विदर्भात सिकलसेल आजार देशाच्या इतर अनेक भागांपेक्षा जास्त आहे, आणि या आजारात हाडं दुखतात, पाठ दुखते, खुबा दुखतो. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. थंडी आणि पाणी कमी पडणं ही त्या तुंबण्याची नेहमीची निमित्तं, म्हणून अशा माणसाच्या पाठीवर बर्फ लावणं म्हणजे दुखणं वाढवणं. दुसरं म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने खुब्याच्या हाडाचा गोळा झिजून जातो. अशा तरुण मुलाची ‘कंबरदुखी’ कधीकधी प्रत्यक्षात खुब्याची असते. त्याला कडाक्, करंट, कपिंग यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला एमआरआय आणि अस्थिरोगतज्ज्ञ लागतो. घरात कुणाला सिकलसेल असेल, कमी वयात वारंवार हाडं दुखत असतील, तर आधी रक्ताची चाचणी करा. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी साधी असते, सरकारी दवाखान्यांत होते, आणि ती पॉझिटिव्ह आली की पुढची पक्की चाचणी करतात. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियानही सुरू आहे.

पाठदुखीच्या मागे लपणारा दुसरा आजार मणक्याचा टीबी. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर कुणालाही पाठ मोडू देऊ नका. कॅन्सर होऊन गेलेला असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील, गाडीवरून पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तरी हेच. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडायला लागलं तर मात्र वाट बघायची नाही. मेडिकल, मेयो, एम्स, यांपैकी जे सरकारी हॉस्पिटल जवळ असेल तिथे त्याच दिवशी जा.

समोरचा माणूस कोण, हेही विचारायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या निकषांप्रमाणे पूर्ण कायरोप्रॅक्टिक शिक्षण चार-पाच वर्षांचं, किमान ४२०० तासांचं असतं. भारतात कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र वैधानिक कौन्सिल नाही, त्यामुळे चार दिवसांचं वर्कशॉप करून आलेलाही पाटी लावू शकतो. फिजिओथेरपीचं तसं नाही. तिची काही वर्षांची पूर्णवेळ पदवी आहे, महाराष्ट्रात तिची कौन्सिल आहे, संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही ती येते. नागपुरात मेडिकलमध्येच तिचा पदवी अभ्यासक्रम चालतो. म्हणून कडाक् करून देणाऱ्याला मूळ पदवी कोणती आणि नोंदणी कुठे, हे विचारण्यात संकोच नको. पाहुणा म्हणून गेलो नाही आपण, पैसे देतोय.

पैशांवरून आठवलं. पहिल्याच दिवशी महिन्याभराच्या सेशनचं पॅकेज आगाऊ मागितलं जातं, “एकदम घेतलं तर स्वस्त पडेल” म्हणून. घेऊ नका. ताजी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूकच उतरते. त्यामुळे पॅकेज संपेपर्यंत बरं वाटलं तर श्रेय कुणाचं, हे ठरवता येत नाही. दोन-चार सेशन घ्या आणि बघा: खाली बसून उठता येतं का, स्कूटरवर कामठी रोडचे खड्डे सोसवतात का, झोप लागते का. यातलं काही सुधारलं नाही तर मशीन बदलून उपयोग नाही, विचारच बदलावा लागतो. आणि सेशनमध्ये व्यायाम शिकवलाच जात नसेल तर ते सेशन अर्धंच समजा. नाइसनेही हाताळणी आणि मालिशला परवानगी दिली ती एकाच अटीवर, सोबत व्यायाम असेल तर.

व्यायाम कोणता, यावर मोठे वाद आहेत. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक पेशंट चुकून, डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि पायातली कळ ओसरली. त्यातून मागे वाकायच्या व्यायामांची आख्खी पद्धत उभी राहिली. कुणाला ते मानवतात, कुणाला पुढे वाकलं की बरं वाटतं. योगासनं, पोट-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, पिलाटेस, यातलं अमुकच श्रेष्ठ असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. जे रोज होईल ते करा. दुखण्याची भीती फार बसली असेल, वाकायचंच टाळलं जात असेल, तर समुपदेशकाकडची वर्तन-उपचार पद्धतीही जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. ‘डोक्याचा डॉक्टर कशाला’ म्हणून तिच्याकडे कुणी वळत नाही, पण ती मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र चालण्याचा. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ लोक. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, अर्ध्यांना काहीच नाही. काही न करणाऱ्यांतल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांतल्या निम्म्यांचं २०८. उद्दिष्ट आठवड्यातून पाच वेळा, तीस मिनिटांचं होतं, पण तिथवर पोचायला सहा महिने दिले होते. पहिल्याच दिवशी अंबाझरी तलावाला फेऱ्या मारायला कुणी सांगितलं नव्हतं. दुखणाऱ्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, आठवड्याला थोडं थोडं वाढवावं, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत किंवा अंधार पडल्यावर, पाण्याची बाटली घेऊन निघावं. क्लिनिकमधून शेक घेऊन बाहेर पडलात तर तिथूनच दहा मिनिटं चालून मग ऑटो धरा.